निर्दोष सुटलो, पण रेकॉर्ड सुटेना: म्हापशातल्या एका वकिलांच्या ऑफिसचा अनुभव (5 पैकी 4 स्टार)

आधीच सांगतो, ऑफिसचं नाव लिहीत नाही, तिथल्या वकील मॅडमनीच नको म्हटलं कारण वकिलांना स्वतःची जाहिरात करता येत नाही. पण म्हापशात ज्यांची कोर्टात ये-जा आहे त्यांना विचारलं तर कोणीही सांगेल. माझ्यासारखी केस असलेले गोव्यात खूप आहेत हे मला माहीत आहे, आमच्या पेडण्यात तर घरटी एक सापडेल, भाटाच्या (माडांच्या बागेच्या) हद्दीवरून नाहीतर देवळाच्या मानावरून झालेली मारामारी, पोलीस केस, आणि मग पाच-सहा वर्षं तारखा. त्यांच्यासाठी लिहितोय.

माझं थोडक्यात. मार्च 2017, शिगम्याचे दिवस. शेजाऱ्यांनी आमच्या हद्दीतल्या दोन माडांवर हक्क सांगितला, एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) आमच्या नावावर, तरी पाडेली (नारळ पाडणारा) त्यांनीच लावला, बोलाचाली झाली आणि ती हातघाईवर आली. शेजाऱ्याच्या खांद्याला लागलं. दांडा कोणाच्या हातात होता ते आजपर्यंत कोर्टात सिद्ध झालं नाही, माझ्या हातात नव्हता. कलम 324, 504 आणि 34, म्हणजे हत्याराने इजा, अपमान करून चिथावणं आणि सगळ्यांचा एकच इरादा. माझा मोठा भाऊ, मी आणि आतेभाऊ असे तिघे. एक रात्र आत काढली, पाटी धरून फोटो काढला, दहाही बोटांना शाई लावली, दुसऱ्या दिवशी जामीन. मग 31 तारखा. मी मोजल्यात कारण प्रत्येक तारखेला हॉटेलातली ड्युटी बदलून घ्यावी लागायची. नोव्हेंबर 2022 मध्ये निकाल लागला, पंचांनी सांगितलं की सही कोऱ्या कागदावर घेतली होती, दांडा कधी जप्तच झाला नव्हता, आम्ही सुटलो. आईने त्या दिवशी गावच्या देवीला नारळ ठेवला आणि आम्ही समजलो की संपलं.

ते संपलं नव्हतं हे 2023 मध्ये कळलं. मी कुक आहे, बोटीवर जायचं स्वप्न गोव्यात कोणाला नसतं, सीडीसी (बोटीवर काम करणाऱ्याचं सरकारी पुस्तक) झालेली, सगळे कोर्सेस झालेले, इंटरव्ह्यू पास, मेडिकल पास. एजंटच्या फॉर्मवर प्रश्न होता की तुमच्यावर कधी क्रिमिनल केस होती का, मी 'नाही' वर टिक केली. का केली? कारण मला वाटलं निर्दोष म्हणजे केस नव्हतीच. पंधरा दिवसांनी फोन, बॅकग्राउंड चेकमध्ये नाव आलं, तुम्ही माहिती लपवली, सॉरी. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर माझं नाव टाकलं की केस दिसते, पुढे 'डिस्पोज्ड' (निकाली) असतं, पण निकाल उघडून वाचायची तसदी कोण घेतो. एका न्यूज वेबसाइटवर 2017 ची अटकेची बातमी अजून आहे, गावाच्या नावासकट, सुटल्याची बातमी मात्र कोणीच दिली नाही.

मग मी केलेली चूक, ती तुम्ही करू नका. नेटवर जाहिरात होती, 'क्रिमिनल रेकॉर्ड कायमचं डिलीट, 45 दिवसांत, गॅरंटी'. पंधरा हजार भरले. त्यांनी मला एक छापील अॅफिडेव्हिट पाठवलं, नोटरीकडे सही करून घ्या म्हणाले, ते मी केलं, नंतर फोन उचलेनात. हातात राहिला तो एक स्टॅम्प पेपर, ज्याने कुठल्याही रजिस्टरमधली एक ओळ हलत नाही. पंधरा हजार म्हणजे माझा तेव्हाचा अर्ध्याहून जास्त पगार. घरी मी आकडा कमी सांगितला, आईला आजही खरा माहीत नाही.

2024 च्या ऑगस्टमध्ये मामेभावाने या वकील मॅडमकडे नेलं. पहिली मिटिंग पाऊण तासाची, 500 रुपये. आणि पहिलंच वाक्य त्यांनी असं टाकलं की मी गप्पच झालो. म्हणाल्या, "बाबा, आपल्या देशात मोठ्या माणसाचं रेकॉर्ड निर्दोष सुटल्यावर पुसून टाकणारा एक सरळ कायदाच नाही. जो तुला सगळं डिलीट करून देतो म्हणतो तो खोटं बोलतो. पण तुकड्या-तुकड्यांनी करण्यासारखं बरंच आहे, ते करूया." त्या एका वाक्यासाठी मी अर्धे स्टार देऊन मोकळा झालो असतो, कारण त्याआधी दोन वर्षं मला कोणी खरं सांगितलंच नव्हतं.

मग त्यांनी माझी निकालाची झेरॉक्स घेतली आणि पेन्सिलीने शेवटच्या पानावर एका ओळीखाली रेघ ओढली. 'संशयाचा फायदा देऊन'. म्हणाल्या, नोकरी देणारे हे तीन शब्द शोधतात. सन्मानाने निर्दोष आणि संशयाचा फायदा घेऊन निर्दोष असा फरक क्रिमिनल प्रोसिजरच्या कायद्यात लिहिलेलाच नाही, सुप्रीम कोर्टानेही 2012 मध्ये म्हटलंय की 'सन्मानपूर्वक' ही व्याख्या कुठल्या कोडमध्ये नाही, पण सरकारी नोकरी, पोलीस भरती अशा ठिकाणी हा फरक करतात आणि कोर्टं ते मान्यही करतात. मला राग आला. पाच वर्षं कोर्टात उभं राहून सुटलो, तरी सुटण्यालाही दर्जे? मॅडमनी राग येऊ दिला, मग चहा मागवला आणि कामाला लागल्या.

आता त्यांनी काय काय केलं ते सांगतो, कारण ही माहिती मला 2022 मध्येच मिळायला हवी होती.

सगळ्यात आधी निकालाच्या सर्टिफाइड कॉपीचा अर्ज, एक नाही, चार कॉपी. झेरॉक्स कोणी धरत नाही. सरकारला निर्दोष निकालाविरुद्ध अपील करायला नव्वद दिवस असतात, ते उलटून गेले होते, अपील झालं नाही हे दाखवणारा कागदही त्यांनी काढून घेतला. पुढची सगळी कामं या दोन कागदांवर चालतात.

मग पोलीस स्टेशन. कुठलं ते लिहीत नाही. मॅडमनी ज्युनियरला माझ्याबरोबर पाठवलं, गोरी उंच मुलगी, आवाज चढवत नाही पण उठतही नाही. स्टेशनवर कळलं की माझ्या केससमोर शेवटची नोंद आहे ती चार्जशीट पाठवल्याची. 2022 चा निकाल आलाच नव्हता, म्हणजे रजिस्टरमध्ये आणि कॉम्प्युटरवर, सीसीटीएनएस म्हणतात ती देशभराची पोलिसांची सिस्टीम, तिच्यात मी दोन वर्षं अजून आरोपीच होतो. मी ते रजिस्टर पाहिलं, जाड, कडा मऊ झालेल्या, माझ्या वरच्या-खालच्या ओळींपुढे लाल शाईत निकाल लिहिलेले, माझ्यापुढचा रकाना कोरा. त्या कोऱ्या रकान्यामुळे माझी नोकरी गेली असेल असं मी म्हणत नाही, पण पोटात खड्डा पडला. अर्ज, सोबत सर्टिफाइड कॉपी, पोचपावतीवर शिक्का. तीन फेऱ्यांनंतर नोंद झाली. त्यानंतर पासपोर्ट ऑफिसमधून 500 रुपये भरून पीसीसी (पोलिसांचा ना-हरकत दाखला) काढला, तो अडकला नाही.

तिसरं काम बोटांच्या ठशांचं आणि फोटोचं, हे मला अजिबात माहीत नव्हतं आणि मला वाटतं नव्वद टक्के लोकांना नसेल. 2022 साली क्रिमिनल प्रोसिजर आयडेंटिफिकेशन नावाचा नवीन कायदा आला, 4 ऑगस्ट 2022 पासून लागू, जुना 1920 चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा त्याने रद्द केला. त्यात ठसे, फोटो, डोळ्यांचं स्कॅन वगैरे दिल्लीच्या एनसीआरबीकडे (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोकडे) 75 वर्षं ठेवायची तरतूद आहे. पंच्याहत्तर! मी आता चौतीसचा. पण त्याच कलम 4 मध्ये लिहिलंय की आधी कधी शिक्षा न झालेला माणूस खटल्याशिवाय सुटला, डिस्चार्ज झाला किंवा निर्दोष ठरला आणि अपील वगैरे सगळं संपलं, तर कोर्टाने कारणं लिहून वेगळं सांगितलं नसेल तर ते रेकॉर्ड नष्ट करायचं. वाचायला छान आहे. प्रत्यक्षात आपण मागितल्याशिवाय काही हलत नाही, कारण नियमांप्रमाणे राज्य सरकारने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, तो बघणार की हे ठसे दुसऱ्या कुठल्या केसमध्ये लागत नाहीत ना, मग तो एनसीआरबीला शिफारस करणार. जुन्या 1920 च्या कायद्यात तर असं होतं की नष्ट करा किंवा त्या माणसाच्या हातात द्या. मॅडमनी हे वाचून दाखवलं तेव्हा मला खरंच वाटलं, माझा तो पाटी धरलेला फोटो माझ्या हातात दिला असता तर मी तो जाळला असता. अर्ज फेब्रुवारीत दिला, पोचपावती आहे, एक स्मरणपत्रही गेलं, उत्तराची वाट बघतोय.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त टोचलं ते. आमच्यातला आतेभाऊ त्या वेळी सतरा वर्षांचा होता, त्याची केस जुवेनाइल बोर्डाकडे गेली. 2015 च्या जुवेनाइल जस्टिस कायद्याचं कलम 74 सांगतं की मुलाची केस बंद झाली किंवा निकाली निघाली की पोलिसांनी त्याचं रेकॉर्ड कॅरेक्टर सर्टिफिकेटसाठी किंवा दुसऱ्या कशासाठीही द्यायचं नाही. कलम 24 प्रमाणे तर दोषी ठरलेल्या मुलाचं रेकॉर्डही अपीलची मुदत संपल्यावर नष्ट करायचं असतं, फार मोठे गुन्हे सोडून. आतेभाऊ आज दुबईत आहे, सुखात आहे, त्याच्याबद्दल मला एक कणही असूया नाही, कायदा असाच असायला हवा. पण तेच भांडण, तेच अंगण, तोच एफआयआर, तो सतरा आणि मी सव्वीस, आणि मला कोर्टाने निर्दोष म्हटलेलं असूनही ठसे-फोटो सोडले तर माझ्यासाठी तशी एक ओळ कुठल्याच कायद्यात नाही. हे मी मॅडमना तीनदा विचारलं, मला वाटत होतं त्या काहीतरी विसरतायत. नाही विसरल्या.

एफआयआरचंही तसंच. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2016 मध्ये सांगितलं की संवेदनशील गुन्हे सोडून प्रत्येक एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाका, आणि ते आरोपीच्याच भल्यासाठी होतं, त्याला कॉपीसाठी हेलपाटे पडू नयेत म्हणून. चांगलंच आहे. पण चोवीस तासांत वर चढवायला कॉम्प्युटर आहे तर निर्दोष निकाल लागल्यावर खाली उतरवायलाही तोच कॉम्प्युटर आहे ना?

मी नाव काढून टाकण्याबद्दल विचारलं, म्हणजे निकालातून आणि गुगलमधून. इथे मॅडमना कमाई करायची असती तर सहज करता आली असती, पर्वरीला हायकोर्टात रिट टाकूया म्हणाल्या असत्या आणि मी कर्ज काढून पैसे दिले असते. त्यांनी उलट समजावलं. 2017 च्या पुट्टस्वामी निकालात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरला, त्यावर पुढे बऱ्याच हायकोर्टांत निर्दोष सुटलेले लोक गेले. दिल्ली हायकोर्टाने एप्रिल 2021 मध्ये ड्रग्जच्या केसमधून सुटलेल्या एका माणसाचा निकाल गुगल सर्चमधून काढायला अंतरिम हुकूम दिला. मद्रास हायकोर्टात एका सुटलेल्या माणसाला 2021 मध्ये आधी नाही म्हटलं, कायदा नाही म्हणून, मग फेब्रुवारी 2024 मध्ये मोठ्या बेंचने हो म्हटलं, आणि जुलै 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर स्थगिती दिली. केरळ हायकोर्टाचं मत आणखी वेगळं. "वर ठरत नाही तोवर खाली तुझे पन्नास-साठ हजार घालवायला मी सांगणार नाही," हे त्यांचे शब्द. त्याऐवजी त्यांनी त्या न्यूज वेबसाइटला पत्र लिहिलं, निकालाची कॉपी जोडून, बातमी काढा नाहीतर खाली निर्दोष सुटल्याचं लिहा. दुसऱ्या पत्रानंतर खाली एक ओळ आली. बातमी आहेच, पण ती ओळही आहे.

शेवटचं काम म्हणजे फॉर्म कसा भरायचा ते शिकवणं, आणि माझ्यासाठी तेच सगळ्यात मोलाचं ठरलं. अमेरिकन बोटीसाठी सी1/डी व्हिसा लागतो, त्याच्या डीएस-160 फॉर्मवर प्रश्न शिक्षेचाच नाही, कधी अटक झाली होती का असाही आहे. म्हणजे निर्दोष सुटलो तरी उत्तर 'हो'. इथल्या नोकरीच्या फॉर्मवर कुठे 'शिक्षा' विचारतात, कुठे 'केस चालू आहे का', कुठे 'कधी केस झाली का', प्रत्येक प्रश्न अक्षर न् अक्षर वाचायचा आणि जेवढं विचारलंय तेवढ्याला खरं उत्तर द्यायचं. 2016 च्या अवतार सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय की माहिती खरी द्या, लपवलं तर ते लपवणंच अंगाशी येतं, आणि खरं सांगितलं तरी मालक पार्श्वभूमीचा विचार करू शकतो पण त्याने परिस्थिती, गुन्हा किती किरकोळ, हे सगळं बघायला हवं. मॅडमनी माझ्यासाठी एक पानाचं निवेदन इंग्लिशमध्ये करून दिलं, तारखा, कलमं, निकाल, अपील नाही, खाली जोडलेल्या कागदांची यादी. कुठे रडगाणं नाही, कुठे शेजाऱ्यांना शिव्या नाहीत. नवीन एजंटकडे मी ते पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवलं. त्याने दोनदा वाचलं, निकालाचं शेवटचं पान उघडलं आणि म्हणाला ठीक आहे, पुढे पाठवतो. मी बाहेर येऊन स्कूटरवर पाच मिनिटं नुसता बसून राहिलो.

पैशांचं: सगळं मिळून बारा हजार फी, वर कोर्ट फी स्टॅम्प, झेरॉक्स, नोटरी असे साधारण दीड हजार. तीन हप्त्यांत घेतले. आधी लुटलेल्या पंधरा हजारांपेक्षा कमी, आणि प्रत्येक रुपयाचा कागद माझ्या हातात आहे.

एक स्टार का कापला? ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि उभा, लिफ्ट नाही, माझ्या आईला गुडघ्यांमुळे खालीच दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं आणि सही घ्यायला ज्युनियर खाली आली. एक ते साडेतीन फोन कोणी उचलत नाही. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी जाऊच नका, पार्किंगलाच तास जाईल. पावती मागितल्यावर मिळाली, न मागता मिळायला हवी होती. आणि न्यूज वेबसाइटचं दुसरं पत्र दीड महिना उशिरा गेलं, मीच दोनदा आठवण केली, त्या दीड महिन्यात माझी झोप गेली होती हे त्यांना कळायला हवं होतं असं मला वाटतं.

बाकी जे मिळालं नाही ते मॅडमच्या हातात नव्हतंच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने 2018 मध्ये क्लीन स्लेट नावाचा कायदा केला, तसा करणारं ते पहिलं राज्य, तिथे ज्या केसमध्ये शिक्षाच झाली नाही ती कॉम्प्युटरच आपोआप लोकांच्या नजरेआड करतो, माणसाला अर्ज करत फिरावं लागत नाही. आपल्याकडे दिल्लीला कायदा व्हायचा तेव्हा होवो, पण पोलीस हा राज्याचा विषय आहे, निकाल लागला की ठराविक दिवसांत स्टेशनच्या रजिस्टरमध्ये आणि सिस्टीममध्ये नोंद झालीच पाहिजे आणि त्याची चिठ्ठी त्या माणसाच्या घरी गेली पाहिजे, एवढं तर पर्वरीला विधानसभेत कोणीतरी आमदार उभा राहून मागू शकतो. आमच्या आमदारांना मी हे लेखी दिलंय, मॅडमनीच मसुदा तपासून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

कोणी जाणार असेल तर निकालाची असेल ती कॉपी, एफआयआर नंबर, जामिनाचा कागद, आधार, पासपोर्ट आणि ज्या फॉर्मवर अडकलात त्या फॉर्मची कॉपी घेऊन जा, आणि आधी कुठे 'नाही' वर टिक केली असेल तर ते पहिल्याच मिटिंगला सांगा, मी तिसऱ्या मिटिंगला सांगितलं आणि त्यामुळे निवेदन परत लिहावं लागलं. माझा भाऊ पुढच्या आठवड्यात त्याचे कागद घेऊन जातोय, त्याचाही रकाना अजून कोराच आहे. चार सर्टिफाइड कॉपींपैकी एक आईने मागून घेतली, प्लास्टिकमध्ये घालून कपाटात एक-चौदाच्या उताऱ्याखाली ठेवलीय. नोडल अधिकाऱ्याचं उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.